टांझानिया-केनिया सफारी : मे की दिवाळी? आईबाबा आणि मुलगी सोबत आहेत, प्लॅन बघून सांगा

निवांत_पुणेकर

नमस्कार मंडळी, घरात बरेच दिवस आफ्रिका आफ्रिका चाललंय, आता बाबा सत्तर पूर्ण करतायत आणि आईचे गुडघे अजून ठीक आहेत तोवर जाऊन यावं असं ठरलंय. आम्ही पाच जण, मी, बायको, मुलगी चौथीत, आई आणि बाबा. एका एजंटने प्लॅन पाठवलाय तो असा : मुंबई-नैरोबी, मग दोन रात्री मसाई मारा, एक रात्र अंबोसेली, मग बॉर्डर ओलांडून टांझानिया, एक रात्र मन्यारा, एक न्गोरोंगोरो, दोन सेरेंगेटी, शेवटी दोन रात्री झांझिबार आणि परत. म्हणजे सगळंच कव्हर होतंय. मला बघायला भारी वाटतंय पण बायको म्हणते हे जरा धावपळीचं आहे.

प्रश्न असे. सुट्टी मे महिन्यात किंवा दिवाळीत, दुसरं काही जमत नाही, तर कधी जावं? ते वाइल्डबीस्ट, म्हणजे तिकडची मोठी हरणं, नदीत उड्या मारतात ते दिसेल का? आई शुद्ध शाकाहारी आहे, तिचं काय? आणि एजंट म्हणतो यलो फीवरचं इंजेक्शन घ्या, बाबांना या वयात चालतं का? ताडोबा आणि कान्हा आमचं झालंय, त्यामुळे सफारी म्हणजे काय ते माहितीये, पण हे प्रकरण मोठं दिसतंय. खर्चाचाही अंदाज द्या प्लीज.

गवतातला_बगळा

बायको बरोबर म्हणते :)

हा प्लॅन प्राण्यांचा नाही, गाडीच्या सीटचा आहे. नकाशात मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटून दिसतात आणि आहेतच, एकच गवताळ प्रदेश आहे, वाइल्डबीस्ट पासपोर्ट न दाखवता जातात. पण टुरिस्टांसाठी मधली ती सरहद्द १९७७ पासून बंद आहे. तुम्हाला एकतर पश्चिमेला इसेबानियावरून वळसा घालावा लागतो नाहीतर नामांगावरून आरुषाला यावं लागतं, बॉर्डरवर गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही बदलतात, सामान उतरवा, रांगेत उभे राहा, परत चढवा. या एका उडीत एक अख्खा दिवस जातो आणि त्या दिवशी एकही प्राणी दिसत नाही. शिवाय दोन देशांच्या परवानग्या. केनियाचं आता व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवेश परवानगी असते, टांझानियाचा ई-व्हिसा भारतीयांना ५० डॉलर माणशी.

त्यात माराची फी बघितलीत का? २०२४ पासून जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १०० डॉलर, आणि तेही बारा तासांचं तिकीट. दिवाळीत गेलात तर दोनशेवाला दर लागणार, चार मोठ्या माणसांचा गुणाकार तुम्हीच करा.

एक देश धरा. माझं मत टांझानिया, त्यातही उत्तरेकडचा भाग, आरुषा - तारांगिरे - सेरेंगेटी - न्गोरोंगोरो. झांझिबार काढा असं नाही म्हणणार पण आईबाबांना घेऊन समुद्रावर दोन रात्री बसायचं तर आपल्याकडे तारकर्ली आहे, आणि तिकडे आता वेगळा सक्तीचा विमा ४४ डॉलर माणशी भरावा लागतो. ते दिवस सेरेंगेटीत घाला.

आता वाइल्डबीस्ट. ते काही एका तारखेला एका नदीवर येत नाहीत, वर्षभर पाऊस आणि गवताच्या मागे गोल फिरत असतात. जानेवारीअखेर ते मार्च दक्षिणेला न्दुतुच्या बाजूला पिल्लं होतात, कारण तिकडची जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवत आखूड पण खनिजं भरपूर, दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच लागतं. एप्रिल-मेमध्ये पाऊस संपत आला की मध्य सेरेंगेटीतून पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला कोगातेंदेपाशी, तिथे मारा नदी, तुम्ही रीलमध्ये बघता ती मगरीवाली उडी तिथली. नोव्हेंबरात पाऊस पडला की परत खाली. म्हणजे मे महिन्यात मारा नदीवर जाऊन बसलात तर फक्त पाणघोडे दिसतील. आणि ऑक्टोबरमध्येसुद्धा गॅरंटी कोणी देत नाही, कळप काठावर येतो, तासभर विचार करतो आणि मागे फिरतो, सगळ्या गाड्या गपगार. एजंट "क्रॉसिंग हमखास" म्हणाला असेल तर तिथेच फोन ठेवा.

विदर्भी_वाघोबा

काहून एवढी घाई करून राहिले भाऊ, एका ट्रिपमध्ये अख्खी आफ्रिका कव्हर करायची का? आमच्या चंद्रपूरकडे या, मोहर्ली गेटवर निवांत सफारी करा, तेवढ्या पैशात दर वर्षी आईबाबांना आणता येईल.

मस्करी सोडा. मी जाऊन आलोय म्हणून एक फरक सांगतो, ताडोबाची सवय तिकडे नडते. आपल्याकडे सकाळची एक जिप्सी, दुपारची एक, वेळ संपली की गेटबाहेर, त्यामुळे माणूस सारखा "वाघ कुठे वाघ कुठे" करत पळवतो. तिकडे सकाळी निघालं की अंधार पडेपर्यंत गाडी आतच असते, जेवणाचा डबा सोबत. मग एका सिंहिणीपाशी दोन तास थांबायची ऐपत असते हो, वेळेची. ती उठते, शिकारीला निघते, फसते, परत येऊन झोपते, हे सगळं बघायला भेटते. पण तुमच्या त्या प्लॅनमध्ये दर दिवशी बॅग भरायची, म्हणजे सिंहीण उठायच्या आत तुम्ही निघाले. आणि हो, कोअरमध्ये मोबाईलबंदी नाही तिकडे, बाबा खुश होतील. ड्रोन मात्र नेऊ नका, बंदी आहे.

शमा_डोंबिवली

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो त्यामुळे या विषयावर मला बोलायलाच हवं.

रस्ता. कराटू गावापर्यंत छान डांबरी आहे. न्गोरोंगोरोच्या गेटनंतर कच्चा सुरू होतो आणि तिथून सेरेंगेटीच्या मध्यापर्यंत, म्हणजे सेरोनेरापर्यंत, हाडं खिळखिळी. तिकडचे ड्रायव्हर त्याला आफ्रिकन मसाज म्हणून हसतात, सासूबाईंना हसू आलं नाही. कमरेचा पट्टा, एक छोटी उशी आणि मधली सीट, मागची नाही, मागे सगळ्यात जास्त उडतं. आईंना खूप त्रास असेल तर एक बाजू छोट्या विमानाने करता येते, आरुषा ते सेरोनेरा, पण त्यात सामान १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत.

बाथरूम. कोणी विचारत नाही पण प्रत्येक बाईच्या मनात तोच प्रश्न असतो. गाडीतून वाटेल तिथे उतरता येत नाही, उघडच आहे. पण नाबी हिल गेट, सेरोनेराचं व्हिजिटर सेंटर, क्रेटरमधली, म्हणजे न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखीच्या विवरातली, पिकनिकची जागा, इथे टॉयलेट आहेत आणि ठीकठाक आहेत. ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवायचं, लाजायचं नाही, तो त्याप्रमाणे रूट लावतो.

जेवण. घाबरू नका. चपाती तिकडे रोजचा पदार्थ आहे, नावही चपातीच, जरा जाड आणि तेलकट. बीन्सची उसळ, भात, पालेभाजी, समोसा त्याला ते सांबुसा म्हणतात, चहा दुधाचा मिळतो. गुजराती माणूस तिकडे पिढ्यानपिढ्या असल्यामुळे शाकाहारी म्हणजे काय ते कळतं. प्रॉब्लेम फक्त दुपारच्या डब्याचा, त्यात सँडविच आणि चिकनचा तुकडा ठरलेला. आदल्या रात्री लॉजवर सांगून चपाती-भाजी बांधून घ्यायची, देतात. आम्ही मेतकूट, लोणचं आणि दशम्या नेल्या होत्या त्या पहिल्या दोन दिवसांतच ड्रायव्हरसकट सगळ्यांनी संपवल्या. एक मात्र, क्रेटरमध्ये तळ्याकाठी डबा खाताना गाडीत बसून खा. वर घारी टपलेल्या असतात, हातातला घास नेतात, अतिशयोक्ती नाही.

थंडी! सगळे आफ्रिका म्हणजे ऊन समजून जातात. क्रेटरचा काठ २२०० मीटरच्या वर आहे, महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच, जूनमध्ये रात्री दातावर दात. स्वेटर, कानटोपी, पायमोजे न्याच. आणि निळे-काळे कपडे नकोत, तारांगिरे आणि पश्चिम सेरेंगेटीत त्सेत्से माशी असते तिला तेच रंग आवडतात, जीन्सवरून चावते.

निवांत_पुणेकर

बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. केनिया कट केला, बायकोला स्क्रीनशॉट दाखवला, ती विजयी मुद्रेने फिरतेय. झांझिबार पण कट.

पण मूळ मुद्दा राहिला, मे की दिवाळी? मे म्हटलं की एजंट स्वस्त देतोय, पण नेटवर सगळीकडे पाऊस पाऊस लिहिलंय. आणि मुलीची शाळा जूनच्या मध्याला सुरू होते.

आरुषात_सध्या

नोकरीनिमित्त इथेच आहे त्यामुळे पावसाचं सांगतो. मोठा पाऊस मार्च ते मे, त्यातला एप्रिल सगळ्यात वाईट. मेच्या पहिल्या पंधरवड्यात बरेच तंबूवाले कॅम्प बंदच असतात, सेरेंगेटीच्या पश्चिमेला काळी चिकट माती आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच, त्यात लँडक्रूझर रुतली की दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहायचं. स्वस्त आहे ते उगाच नाही. फी सुद्धा १५ मार्च ते १५ मे कमी असते आणि १६ मेपासून वाढते, यावरून समजून घ्या की सरकारच्या लेखी सीझन कधी बदलतो.

पण मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा ही वेळ माझ्या मते इथली सगळ्यात दुर्लक्षित चांगली वेळ आहे. पाऊस ओसरलेला, धूळ अजून नाही, सगळं हिरवं, हवा धुतलेली, गाड्या कमी. कळप साधारण सेरोनेरा आणि पश्चिमेच्या मधे कुठेतरी चालत असतात, मैलोनमैल रांगा. नदीतली उडी नाही दिसणार, रांगा दिसतील, आणि खरं सांगू, रांगा बघून जास्त हबकायला होतं. सिंह, बिबटे, चित्ते तर सेरोनेरात बारमाही आहेत, त्यांना मायग्रेशनशी देणंघेणं नाही, त्यांचा स्वतःचा इलाका आहे. तोटा एकच, गवत उंच असतं त्यामुळे चित्ता दहा फुटांवर असून दिसत नाही, ड्रायव्हरची नजर चांगली हवी. शाळा जूनच्या मध्याला उघडते म्हणताय, मग हे जमतंच की.

दिवाळीचं म्हणाल तर तारखेवर आहे. ऑक्टोबरच्या शेवटी असेल तर तारांगिरे जबरदस्त, कोरडं पडलेलं असतं, नदीवर हत्तींचे कळपच्या कळप आणि मागे ते गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे. नोव्हेंबरात सरकली तर छोटा पाऊस सुरू होतो, दुपारी सर येते आणि जाते, तेवढ्याने सफारी बुडत नाही. पण कळप तेव्हा वाटेत असतात, उत्तरेलाही नाही आणि दक्षिणेलाही नाही असं होऊ शकतं.

आता पैसे. इथे पार्क फी हाच मोठा भाग असतो आणि स्वस्त कोटेशन देणारा नेमका तिथेच हात मारतो. सेरेंगेटीत मोठ्या माणसाला व्हॅटसकट २४ तासांचे ८२ डॉलर, आत लॉजमध्ये राहिलात तर त्यावर दर रात्रीचे आणखी ७० च्या आसपास. न्गोरोंगोरो ७० च्या आसपास, आणि क्रेटरमध्ये खाली उतरायचे प्रत्येक गाडीमागे २९५ डॉलर वेगळे. आरुषाहून सेरेंगेटीत जायचा-यायचा नेहमीचा रस्ता न्गोरोंगोरोमधूनच जातो, नुसतं ओलांडायचे सुद्धा पैसे, दोन्ही वेळा. पाचाखालच्या पोरांना फुकट, पाच ते पंधरा बरीच कमी. हे दर इथल्या आर्थिक वर्षाप्रमाणे जुलैत बदलतात तेव्हा बुक करताना चालू तक्ता मागून घ्या. तुम्ही पाच जण एका गाडीत मावता हे तुमचं नशीब, क्रेटरची ती गाडीची फी पाचात वाटली जाते. चांगल्या मध्यम लॉजचा, सगळी फी, गाडी, जेवण धरून माणशी दिवसाला ३०० ते ४०० डॉलर धरा, विमान वेगळं. कोणी १५० म्हणाला तर त्याने एकतर फी धरलेली नाही किंवा तुम्हाला पार्कच्या बाहेर दोन तासांवर झोपवणार आहे.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी लेखी मागा, प्रत्येक रात्रीच्या लॉजचं नाव (नुसतं "किंवा तत्सम" नको), ते गेटच्या आत की बाहेर, आणि गाडी फक्त तुमची का शेअरिंग. कंपनी टाटोची, म्हणजे इथल्या टूर ऑपरेटरांच्या संघटनेची सभासद आहे का तेही बघा. ड्रायव्हरला टिप दिवसाला २० ते ३० डॉलर, पूर्ण गाडीची मिळून, माणशी नाही. डॉलरच्या नोटा नव्या न्या, २००६ च्या आधीच्या इथे कोणी हातात धरत नाही.

गवतातला_बगळा

आरुषावाल्यांशी नव्वद टक्के सहमत पण मी तरी म्हणेन फेब्रुवारी. मुलगी चौथीत आहे हो, आठवडाभर शाळा बुडाली तर काय होणार आहे? न्दुतुला हजारो पिल्लं एकाच वेळी जन्मतात, जन्मल्यावर काही मिनिटांत उभी राहून पळतात, आणि तिथे ठराविक भागात गाडी रस्ता सोडून नेता येते जे सेरेंगेटीच्या आत चालत नाही. गवत आखूड त्यामुळे चित्ता शिकार करताना उघड्यावर दिसतो. लेन्सवाल्यांसाठी तर पर्वणी.

शमा_डोंबिवली

बगळेदादा, पिल्लं जन्मतात तशी तरस फाडतात पण, तेही तितक्याच जवळून. चौथीतल्या मुलीला ते दाखवायचं का हे आईवडिलांनी ठरवावं, माझा मुलगा त्या रात्री जेवला नव्हता. आणि शाळा बुडवायला आपलं काय जातंय, चिठ्ठी त्यांना लिहायची आहे.

गोळी_औषध

इंजेक्शनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, फार्मा लाइनमध्ये आहे, डॉक्टर नाही.

यलो फीवरची लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच, अपॉइंटमेंट लागते आणि साठा संपलाय असं सांगून परत पाठवतात तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, सर्टिफिकेट आता जन्मभर चालतं. केनिया आणि इथिओपिया दोन्ही भारताच्या यलो फीवरवाल्या देशांच्या यादीत आहेत, आणि स्वस्त तिकिटं नेमकी नैरोबी किंवा आदिस अबाबावरूनच असतात. सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. तिकडेही टांझानियावाले यलो फीवरच्या देशातून आलात किंवा तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर मागतात.

मुद्दा तुमच्या आईबाबांचा. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेताना दुष्परिणामाची शक्यता वाढते, ही जिवंत विषाणूची लस आहे. तेव्हा एजंट सांगतो म्हणून टोचून येऊ नका, आधी फिजिशियनला सगळी औषधं दाखवा. नको म्हणाले तर त्यांच्याकडून रीतसर सूटपत्र घ्या आणि तिकीट काढतानाच दोहामार्गे थेट किलीमांजारो विमानतळाचा पर्याय बघा, म्हणजे नैरोबी-आदिस वाटेत येतच नाही. तरी आरोग्य खात्याची चालू यादी बघूनच पैसे भरा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा, त्या जायच्या आधीपासून आल्यानंतरपर्यंत घ्यायच्या असतात, मधेच बंद करून चालत नाही.

विदर्भी_वाघोबा

आणि बलून राइडच्या भानगडीत पडू नका राजेहो. माणशी सहाशे डॉलर घेते, आणि उडायला सुरुवात होताना टोपलीत पाठीवर झोपून राहावं लागते, पाय वर करून. आईच्या गुडघ्यांनी तिथेच असहकार पुकारला असता.

निवांत_पुणेकर

काल बसून नवीन प्लॅन केला. जायचं मेअखेर, यायचं जूनच्या पहिल्या आठवड्यात. फेब्रुवारी बायकोने व्हेटो केला, बगळेसाहेब माफ करा. बाबांची डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, तिकीट त्यानंतरच काढणार.

आरुषा एक रात्र, तारांगिरे एक, मग कराटू दोन रात्री आणि त्यातच क्रेटर, मग सेरोनेरा तीन रात्री, तिथून छोट्या विमानाने आरुषा आणि घरी. लॉजची नावं लेखी मागितली तर पहिला एजंट गायब झाला, दुसऱ्याशी बोलतोय. मन्यारा नाही घेतलं, चालेल ना? झाडावर चढणारे सिंह तिथेच असतात म्हणे.

आरुषात_सध्या

मन्यारा सोडलंत ते उत्तम. झाडावरचे सिंह तिथे प्रसिद्ध आहेत पण दिसतीलच असं नाही, आणि सेरोनेरात सुद्धा चढलेले दिसतात. वाचलेला वेळ तारांगिरेला द्या.

क्रम बरोबर आहे, परत येताना विमान घेतलंत त्यामुळे तो मसाज एकदाच आणि न्गोरोंगोरो ओलांडायची परतीची फीही वाचली. फक्त कराटूहून क्रेटरला जाताना ड्रायव्हरला सांगा की सकाळी सहाला गेट उघडताना तिथे हजर राहायचं, नाश्ता बांधून. आठनंतर खाली गाड्यांची गर्दी होते आणि काळा गेंडा दिसायचा असेल तर सकाळीच, तोही लांबून, दुर्बीण न्या. जिराफ तिथे शोधू नका, क्रेटरमध्ये नसतात, ते तारांगिरेलाच पोटभर बघून घ्या.

व्हिसाचा फॉर्म भरताना इथल्या इमिग्रेशन खात्याच्याच साइटवर भरा, तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट सर्चमध्ये वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. दुसऱ्या एजंटचं कोटेशन आलं की इथे टाका, लॉज आत आहेत का बाहेर ते बघून सांगतो.